शनिवारची ऐरण

आमच्या शेजारच्या गोटीरामकाकांची सगळी नोकरी नाशिक रोडच्या छापखान्यात, कागद हाताळण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांना लोखंडाची ओढ लागली. आपल्या हातानं एक खुरपं घडवायचं आणि भावाच्या मळ्यात नेऊन द्यायचं, एवढंच मनात होतं. त्यासाठी आधी ऐरण हवी होती.

भागुबाईकाकूंना या छंदांची सवय होती. मागचा छंद, व्यायामाची सायकल, व्हरांड्यात उभा होता आणि त्याच्यावर टॉवेल वाळत होते.

सुरुवातीला रुळाचा तुकडाही चालतो, असं एका मित्रानं सुचवलं. पण रेल्वेचा माल परसात ठेवायची काकांची छाती होईना. मग ते हातोडी घेऊन भंगारवाल्यांची दारं फिरू लागले. खिशात बेअरिंगमधली पोलादी गोळी असे. ती ऐरणीवर सोडायची. जितकी उंच उसळेल, तितकं ऐरणीचं तोंड कणखर. बहुतेक ठिकाणी गोळी नुसती पडून राही. काका ती उचलून, स्थळ नाकारल्यासारखे निघत.

"मला बघायला आलात तेव्हा एवढं पारखलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

शेवटी देवराम भंगारवाल्याकडे एक सापडली. टोक तुटलेलं, पण तोंड सपाट. हातोडी लागताच घंटेसारखी वाजली. गोळी उसळून थेट काकांच्या हनुवटीवर बसली, आणि ते हनुवटी चोळत हसत राहिले.

नेमका शनिवार होता. शनिवारी काकू लोखंडाचा खिळासुद्धा विकत घेऊ देत नसत. देवरामची गाडी तर सगळं भंगार घेऊन दुपारीच जालन्याच्या भट्टीकडे निघणार होती, आणि उद्या येतो म्हणून न आलेली गिऱ्हाइकं त्यानं पुष्कळ पाहिली होती.

काकांनी भीतभीत फोन केला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वाजते कशी?"

काकांनी फोन ऐरणीजवळ धरून हातोडी मारली. पलीकडून फोन बंद झाला.

थोड्या वेळानं काकू टेम्पोतून उतरल्या. मागे व्यायामाची सायकल होती.

"आम्ही विकत घेत नाही, अदलाबदल करतोय," त्यांनी देवरामला बजावलं. "फरक उद्या देऊ. आज पैसे दिले तर ती खरेदी होईल."

सायकल जुनी आहे, असं देवराम कुरकुरला.

"नवीकोरी आहे. यांनी कधी चालवलीय?"

स्वतःचा आळस उपयोगी पडताना काका पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी नम्रपणे सायकल टेम्पोतून उतरवली.

रविवारी फरक पोचता झाला. परसात कडुनिंबाच्या ओंडक्यावर ऐरण बसली. काकांनी खुरप्यासाठी पट्टी तापवायला घेतली, तेवढ्यात काकू ओला टॉवेल घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"आता हा कुठे वाळत घालू?"

म्हणून काकांनी पहिल्यांदा घडवला तो कपडे वाळत घालायच्या दोरीचा हूक. तो बराचसा खुरप्यासारखा झाला. टॉवेल मात्र त्यानं नीट धरला.