शेठजींच्या गाडीच्या स्प्रिंगा

हे मी आजवर कोणाला बोललो नाही. बायकोला नाही, देपालपुरात वडील होते तोवर त्यांनाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमतंय — आणि खरं सांगू का, लपवून ठेवण्याचाही आता थकवा येतो.

गोष्ट एका मोटारीच्या स्प्रिंगांची आहे. एवढ्याशा गोष्टीवर माणूस इतकी वर्षं गप्प बसतो? मी बसलो.

माझे वडील मंडीत तोलारी होते, दिवसभर पोती काट्यावर चढवायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला इंदूरच्या एका कापड मिलच्या वर्कशॉपमध्ये सहा आठवड्यांचं ट्रेनिंग लागलं. बाकीच्या पोरांना तिथे कोपऱ्यात बसवून ठेवत. माझ्या हातात पाना दिला तो भालेराव काकांनी. काका फिटर, महूचे, वडील फौजेत होते, त्यामुळे चालणं ताठ. मला "इंजीनियर" म्हणायचे — अर्धं कौतुक, अर्धा टोमणा. माझा डबा नसला की स्वतःच्या डब्यातली पोळी न बोलता माझ्याकडे सरकवायचे.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे बिंदी. कुठलाही भाग खोलण्याआधी त्यावर, आणि तो जिथे बसतो त्या जागेवर, पंचने समोरासमोर एकेक ठिपका ठोकायचा. परत बसवताना ठिपक्याला ठिपका भिडवायचा. म्हणजे जो भाग निघाला तोच, जसा होता तसा परत बसतो. मिलमधल्या प्रत्येक यंत्रावर काकांच्या बिंद्या होत्या.

मग मिल बंद पडली. तीच काय, एकामागून एक सगळ्याच पडल्या. मी डिग्री घेऊन दोन वर्षं सुदामा नगरात शिकवण्या करत होतो, तेव्हा शहरात नव्या गाड्यांची शोरूम निघू लागली होती. अशाच एका शोरूममध्ये मला नोकरी लागली. मालकांना आम्ही भैयाजी म्हणायचो. मिलच्या शेठजींची एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार होती — दोन सीटची, उघड्या टपाची. ती भैयाजींना हवी होती. वीस वर्षं ती काकांनी सांभाळलेली. भैयाजींनी काकांना शब्द दिला होता, की गाडी घेतली तर तुम्हालाही गाडीबरोबर वर्कशॉपमध्ये घेतो. काका पन्नाशी ओलांडलेले, दीड वर्ष घरी. दुसरं कोण त्यांना काम देणार होतं?

भैयाजींची अट एकच. गाडी जशी कारखान्यातून आली तशीच पाहिजे, इथे कोणी काही बदललेलं नको. मुंबईच्या कोणा शौकिनाकडून त्यांनी माहितीपुस्तकाची झेरॉक्स मागवली. अर्धी पानं आली, अर्धी यायची होती. ती घेऊन आम्ही मिलच्या शेडमध्ये गेलो. काका आधीपासून उभे होते. मला बघून खूश झाले. त्यांना वाटलं असेल, आपलाच मुलगा तपासायला आलाय.

मी टायर आणि मडगार्डमधलं अंतर मोजलं. पुस्तकापेक्षा गाडी दोन बोटं खाली बसलेली. चाक काढायला लावून स्प्रिंगचे वेढे मोजले. एक वेढा कमी. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापायची टूम तेव्हाही होती. मी म्हणालो, कापलेल्या आहेत.

शांतपणे काका मला म्हणाले, "नाही भिया. जशी आली तशीच हाय. दोनदा खोलली, सफाई केली, वापस बसवली."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? आडवं होऊन गाडीखाली जायचं. स्प्रिंगच्या टोकाला कापल्याची खूण आहे का ते बघायचं. तारेची जाडी मोजायची — कापल्याने स्प्रिंग आखूड होते, तार जाड होत नाही, हे कळायला डिग्री लागत नाही. कॅलिपर माझ्या खिशात होता. पण जमिनीवर तेल सांडलेलं, मी नोकरीची नवी पँट घातलेली, आणि भैयाजी माझ्या उत्तराकडे बघत होते. मी उभ्याउभ्याच इंजीनियर होतो.

तेवढ्यात भैयाजींना स्प्रिंग जिथे टेकते त्या बैठकीवरचा ठिपका दिसला. "ये ठोका-पीटी के निशान काहे के हैं?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन म्हणून थांबले. मी सांगितलं, "फॅक्टरीचे नाहीत." एवढंच. शब्दशः खरं होतं. खोटं न बोलता एखाद्याला असं गाडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

भैयाजींबरोबर आलेल्या ड्रायव्हरने हसून टाकलेला टोमणा अजून ऐकू येतो. "क्या काका, शेठ की गाड़ी पे भी कैंची चला दी?" गाडी भैयाजींनी तरीही घेतली, भाव पाडून. काकांना घेतलं नाही.

वाटेल की झालं, चूक झाली, पोरगं नवीन होतं. इथवरच असतं तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं.

आठ दिवसांनी उरलेली पानं आली. त्यात लिहिलं होतं की शर्यतीच्या हौशी लोकांसाठी कारखाना मागणीनुसार कडक सस्पेन्शन बसवून देई. जाड तारेच्या स्प्रिंगा, एक वेढा कमी, गाडी दोन बोटं खाली, आणि शेवटच्या वेढ्यावर ठोकलेला वेगळा नंबर. जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉप रिकामं असताना मी गाडीखाली गेलो. पँटचा विचार या वेळी मनात आला नाही. काकांनी गंज लागू नये म्हणून काळा रंग लावला होता. तो खरवडला आणि घासलेटच्या बोळ्याने पुसला. नंबर होता. शेजारी काकांची बिंदी, आणि समोर बैठकीवर तिची जोडीदार, केसाचाही फरक नाही.

भैयाजींची केबिन वीस पावलांवर होती. त्याच आठवड्यात त्यांनी मला वर्कशॉपचा इंचार्ज केलं होतं. आलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगत — हमारे इंजीनियर साहब ने एक नज़र में पकड़ लिया.

मी काळ्या रंगाचा डबा आणला आणि नंबरावर रंग मारला. दोन हात मारले, पहिला वाळेपर्यंत थांबून. ते पान फाइलला लावलं नाही. हेच ते. हे मी केलं.

काका पुढे बड्या गणपतीजवळ एका दुकानाच्या पायरीवर कुकर आणि स्टोव्ह दुरुस्त करायला बसू लागले. मी तो रस्ता चार वर्षं टाळला. एकदा समोरासमोर आलोच. मला बघून ते उठून उभे राहिले. चहा मागवला. नावाने हाक नाही, इंजीनियर नाही — साहेब म्हणाले. मग स्वतःच विषय काढला.

"त्या स्प्रिंगांचा मी लई विचार केला, साहेब. मधे मी दोन महिने बीमार होतो, तवा कोणी कापल्या असतील. नाही तर मीच कापल्या, अन् भूललो. तुम्ही शिकलेले, तुम्ही पाहिलं म्हंजे बरोबरच पाहिलं असेल."

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "असेल, काका. खूप वर्षं झाली."

त्यांनी मान हलवली. सुटका झाल्यासारखी नाही — पटल्यासारखी. मग म्हणाले, आता मोठं काम घेत नाही, स्वतःच्या हातांचा भरवसा राहिला नाही. आणि समोरच्या कुकरचं झाकण उचलून, मी निघेपर्यंत, त्याची रबराची रिंग नीट बसलीय का ते पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. शेठजींच्या गाडीच्या स्प्रिंगा आपणच कापल्या असाव्यात, असं मानून गेले.