नालेचा वाटा

तो रोज सकाळी दूध घालायला येई. माप ओतलं की चरवीत राखलेलं दूध आमच्याच पायरीवर पिई आणि म्हणे, "ह्यो नालेचा वाटा, वैनी." गावच्या देवळापुढची दगडी नाल, पैलवान उचलतात ती, त्याला जत्रेत खांद्यावर घ्यायची होती. पण वर्षभर ती छातीच्या वर जाईना. तालमीतले वस्ताद म्हणाले, महिनाभर अंगाला विसावा दे. त्यानं उलट जोर वाढवले. जत्रेत नाल उचलतानाच त्याची कंबर गेली.

आता तो चौकट धरून वाकतो. काल त्यानं चरवीतलं दूधही माझ्या पातेल्यात ओतलं.

"आणि तुमचा वाटा?" मी पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले.

"लेकरांना द्या, वैनी. मला आता लय इसावा हाय."