आपा आणि अध्यक्षांचं बीपी

बायकोलासुद्धा आजवर सांगितलं नाही, ते लिहून टाकतो. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं बीपी त्या दिवशी वरचं एकशेनव्वद आणि खालचं एकशेदहा होतं. मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि माइकवरून एकशेतीस-ऐंशी सांगितलं. मी विज्ञानाचा शिक्षक आहे.

हे सांगायचं तर आपांपासूनच सुरुवात करावी लागते. आपा कुणाला नमस्कार करीत नसत. समोरच्याचं मनगट धरायच्या आणि घड्याळाकडे पाहत अर्धं मिनिट गप्प उभ्या राहायच्या. पहिल्या भेटीत आमच्या मुख्याध्यापकांना वाटलं, बाई हात बघतात. त्यांनी हळूच बढतीचा योग विचारला. "योगाचं मले माहीत नाई, नाडी जोरात हाय. चहा कमी करा," आपा म्हणाल्या.

अकोल्याच्या एका दवाखान्यातून त्या सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. दर शनिवारी एसटीनं बार्शीटाकळीला आणि तिथून ऑटोनं आमच्या गावी यायच्या, नववी-दहावीच्या पोरांना नाडी, ताप, मलमपट्टी, बीपी शिकवायला. "या पोराइले दोनच धंदे माहीत. डॉक्टर, नाई तं मास्तर," त्या म्हणायच्या. "दवाखाना काय एकटा डॉक्टर चालवते? रक्त तपासणारा, एक्स-रेवाला, नर्स, हे कोन हाय मंग?" आमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कुलूप तपासणीच्या दिवशीच निघायचं. तिथं आपांनी पोरांच्या हातात खरी उपकरणं दिली. आम्हा शिक्षकांना हे जरा उद्धटपणाचंच वाटलं.

सुई टोचायला त्या संत्र्यावर शिकवायच्या, सिरिंजमध्ये साधं पाणी भरून. तास संपला की ती संत्री पाहुण्यांच्या फराळाला ठेवावीत, अशी मुख्याध्यापकांची सूचना आली. "पाणीच तर आहे आत," ते म्हणाले. आपांनी सगळी संत्री खड्ड्यात पुरली. "सुई लागलेलं फेकाचं, सर. सवय एकच लागली पायजे."

पोरांना त्या एकच नियम सांगायच्या, "जे आयकू आलं ते सांगाचं. समोरच्याले जे आवडते ते नाई." हा नियम सगळ्यात जास्त लागू पडला प्रणालीला. नववीतली, शेतकऱ्याची पोर, शेवटच्या बाकावरची. दिवाळीपर्यंत गावातली निम्मी म्हातारी माणसं तिच्याकडून बीपी मोजून घ्यायला लागली. आपांच्या मनात तिला नर्सिंगला पाठवायचं होतं. तिचे वडील म्हणाले, सर हो म्हणतील तर अकरावीला अकोल्याला सायन्सला टाकतो. सर म्हणजे मी.

वर्ग सुरू होऊन सहा महिने झाल्यावर संस्थेनं त्याचं उद्घाटन करायचं ठरवलं. 'प्रत्यक्ष अनुभवातून आरोग्यक्षेत्राची ओळख' असा फळ्याहून मोठा बॅनर आला. त्यावर अध्यक्षांचा फोटो होता, आपांचं नाव नव्हतं. पोरांना केमिस्ट्रीचे डाग पडलेले अ‍ॅप्रन घातले. अध्यक्ष म्हणाले, "माझ्यावरच करून दाखवा." कॅमेरावाला पुढे सरकला. प्रणालीनं पट्टा बांधला, हवा भरली, ऐकलं, पुन्हा भरली, पुन्हा ऐकलं आणि माइकमध्ये आकडा सांगितला. वर म्हणाली, "साहेब, आजच दवाखान्यात जा."

अध्यक्ष हसले. "पोरगी घाबरली वाटते. सर, तुम्ही पाहा बरं." मला कायम करण्याची फाइल महिनाभर त्यांच्या टेबलावर होती. मी कानात नळ्या घातल्या. ठोके तिनं सांगितल्याइतक्याच वर सुरू झाले आणि तितक्याच खाली थांबले. मी दुसराच आकडा सांगितला. टाळ्या पडल्या. आपा म्हणाल्या, "थांबा, मी पाह्यते." पण पट्टा सुटला होता, हार गळ्यात पडला होता. आपांनी अध्यक्षांच्या ड्रायव्हरला गाठून काहीतरी सांगितलं. अध्यक्ष त्याच संध्याकाळी अकोल्याला डॉक्टरकडे गेले. तेव्हापासून रोज गोळी घेतात आणि भाषणात योगासनांचं महत्त्व सांगतात.

दोन दिवसांनी प्रणालीचे वडील आले. "सर, पोरीले आयकू कमी येते काय?"

मी म्हणालो, "एकदा दाखवून घ्या."

त्यांनी खरोखर दाखवलं. शेतातलं एक दिवसाचं काम बुडवून अकोल्याला नेलं आणि कागद घेऊन परत माझ्याकडे आले. "कान तं चांगले हाय म्हनते. मंग डोक्यातच नसन तिच्या. नाई का, सर?"

"सायन्स अवघडच असतं," मी म्हणालो. दहावीनंतर तिला गावातच आर्ट्सला टाकलं.

उद्घाटनानंतरच्याच शनिवारी आपांच्या हातात संस्थेचं पत्र पडलं होतं, उपकरणांची अचूकता सिद्ध होईपर्यंत उपक्रम स्थगित. मी त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं आणि सोडलं. "जाऊ द्या, सर. पोरीले तेवढं सांगजा." एवढंच. त्या महिन्यात मी कायम झालो.

आपा गेल्या वर्षी वारल्या. मी मातीला गेलो, मागे उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परत आलो. प्रणाली वलगावला सासरी आहे, ब्लाउज शिवते. तिचं बरोबर होतं आणि खोटं मी बोललो, हे तिला, तिच्या वडिलांना आणि त्याच पटांगणात सगळ्यांना सांगणं माझ्याकडे लागतं. अजून सांगितलेलं नाही.