तीन किलोच्या आत

कुठलीही वस्तू हातात आली की चाचा ती आधी दोन्ही तळव्यांवर घेत, डोळे मिटत, हात जरासे खालीवर करत आणि वजन सांगत. मग ती रायफलीची नळी असो, माझा जेवणाचा डबा असो, नाहीतर कुणाचं महिन्याभराचं पोर. काट्यावर ठेवून पाहिलं तर फरक नावापुरता. वजन सांगून झालं की पुढचं वाक्य ठरलेलं. "ठीक हाय. पन टिकंल किती?" पोराच्या बाबतीतही त्यांनी हेच म्हटलं होतं, आणि त्याच्या बापाची समजूत घालताना माझ्या नाकी नऊ आले होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, हौशी नेमबाजांना हव्या तशा रायफली बांधून देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी पर्चेसला होते. राहायला अजमानला. पुण्याची बाई बंदुकांच्या कारखान्यात करते काय, असं माहेरचे दर सुट्टीत विचारायचे. करणार काय! लाकूड, स्क्रू आणि पॉलिश मागवायचं आणि उरलेला दिवस चाचांशी वाद घालायचा.

चाचा रत्नागिरीकडचे. तरुणपणी होड्या बांधत. इकडे आले तेही लाकडी जहाजांच्या कामावर, आणि ते काम आटल्यावर रायफलींचे दस्ते करू लागले. दस्ता म्हणजे रायफलीचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकवायचा. होडी बांधणाऱ्या माणसाला हलकं म्हणजे काहीतरी लबाडी वाटायची. गिऱ्हाईक म्हणायचं, रायफल हलकी हवी, वाळूत दिवसभर खांद्यावर वागवायची आहे. चाचा मान डोलवायचे आणि आपल्याला हवा तेवढाच जाड दस्ता करायचे. तक्रार यायची माझ्याकडे.

एकदा मी युरोपातून एक हलका, प्लास्टिकसारखा दस्ता नमुन्याला मागवला. त्याची तारीफ करणारी तीन पानी नोट अरबाबना, म्हणजे आमच्या मालकांना, दिली. चाचांनी तो तळव्यांवर घेतला, "साडेसातशे ग्रॅम," म्हणाले आणि सरळ पिकअपच्या काचेमागे ठेवून दिला. जुलै महिना. संध्याकाळी तो दस्ता पापडासारखा वाकलेला माझ्या टेबलावर होता, माझ्याच नोटेवर. ते एक अक्षर बोलले नाहीत, म्हणून जास्त राग आला मला. अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

नाही म्हणायला हलकेपणाची कदर ते वर्षातून एकदा करत. जूनमध्ये गावी जाणारे सगळे बॅगा वजन करायला आमच्या काट्यावर आणत. तेव्हा चाचा निर्दयपणे दूध पावडरचे डबे, साबण, चुलतभावाचे बूट बाहेर काढायला लावत. आणि स्वतःच्या बॅगेत रंधे, पटाशा आणि लाकूड आवळून धरायचा एक लोखंडी शिकंजा. विमानतळावर दरवर्षी भांडण.

मग बडे अरबाबचं काम आलं. हे आमच्या मालकांचे वडील. वय ऐंशीच्या घरात, आजारपणाने डावा हात अधू झालेला. हिवाळ्यात क्लबवर घरच्यांची नेमबाजी व्हायची. तिथे नातवंडांसमोर उभं राहून, कुणाचा आधार न घेता पाच गोळ्या मारायच्या, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा राहिली होती. त्यांची जुनी रायफल चार किलोच्या वर होती. ती त्यांना छातीपर्यंतही उचलेना. मी तेव्हा तिथेच होते. त्यांनी ती टेबलावर परत ठेवली आणि बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसले.

जाता जाता अरबाब मला म्हणाले, "हलका बनाओ, तीन किलो जैसा." मी केबिनमध्ये येऊन टाईप केलं: वजन तीन किलोच्या आत. खाली रेघ मारली, सही केली, एक प्रत चाचांच्या भिंतीवर चिकटवली. आम्हा नोकरदार लोकांचं असंच असतं. अरबाबच्या तोंडून काही निघालं की ती आपल्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. उलटून विचारायची हिंमत नाही, आणि खाली दरडावायला मात्र आपण पुढे.

चाचांनी या कामात कुरकूर केली नाही. नळी बदलून बारीक घेतली. अक्रोडाचा दस्ता मागून पोखरला, पुढून तासला, धक्का कमी बसावा म्हणून खांद्याकडे जाड रबर लावलं. रोज थोडं थोडं काढत रायफल सव्वातीन किलोवर आणली आणि हात पुसले.

मी म्हटलं, अजून अडीचशे ग्रॅम. ते म्हणाले, आता उरलंय ते मुठीजवळचं लाकूड. हलक्या रायफलीचा धक्का आधीच जास्त, आणि तो मुठीवरच येतो. सव्वातीन त्यांना पेलेल, घरी नेऊन दाखवू या. मी भिंतीवरचा कागद दाखवला. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"चाचा, ते ऐंशीचे आहेत. पाच गोळ्या मारायच्या आहेत फक्त. पन्नास वर्षं टिकवून करायचंय काय?"

त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली. "बाय, वापरनाऱ्याचं वय बनवनाऱ्यानं मोजायचं नसतं."

मी म्हटलं, तुमच्याने होत नसेल तर बाहेर देते. हे मी बोलायला नको होतं. त्यांनी पटाशी उचलली. दुसऱ्या दिवशी काट्यावर दोन किलो नऊशे ऐंशी. मी आनंदाने टाळी वाजवली, मूर्खासारखी.

क्लबवर म्हातारबाबा उभे राहिले. रायफल खांद्याला लागली, अगदी सहज. पहिली गोळी, दुसरी, तिसरी. नातवंडं इंग्रजीत ओरडत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. चौथ्या गोळीला मुठीजवळ कड्कन आवाज झाला आणि दस्ता चिरला. इजा काही नाही झाली. म्हाताऱ्याने चीर बोटाने चाचपली, "खलास," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. दुसरी रायफल पुढे केली तर त्यांनी हात हलवून नको म्हटलं. पुढच्या हिवाळ्यात ते उठूही शकले नाहीत.

चाचा मागे उभे होते. त्यांनी तो दस्ता टॉवेलमध्ये गुंडाळून उचलला आणि तसेच वर्कशॉपला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अरबाबनी मला बोलावलं. मी कागद पुढे केला, स्वतःला वाचवायला. त्यांनी तो वाचला आणि वैतागून विचारलं, "ये किसने लिखा? मैंने तो ऐसे ही बोला था. साढ़े तीन भी चलता." सव्वातीन तर चाललंच असतं. मी मान खाली घालून बाहेर आले.

चाचांनी त्याच आठवड्यात व्हिसा कॅन्सल करायला सांगितला. अरबाब नको म्हणत होते, पण ऐकतील तर ते चाचा कसले. ते गावी गेले आणि तीन वर्षांनी तिकडेच वारल्याचं कळलं. त्यांच्या जागी आलेला कारागीर सांगाल ते मुकाट्याने करायचा. वाद नाही, काही नाही. मला त्याचाही राग यायचा.

जायच्या दिवशी चाचा दुपारी माझ्या केबिनमध्ये आले होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "बाय, माझ्या हातच्या चुकीपायी तुला साहेबापुढं मान खाली घालावी लागली. माफ कर."

अरबाबशी बोलून मला तेव्हा पाच दिवस झाले होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. कागदाची प्रत समोरच्या फाईलमध्ये होती, माझ्या सहीची. मी फाईल मिटली.

"असू द्या, चाचा," मी म्हणाले. "होते एखाद्या वेळी चूक."

त्यांना केवढं बरं वाटलं. दोन्ही हातांनी माझा हात धरून त्यांनी मला दुवा दिली आणि खाली टॅक्सी थांबलीय म्हणून घाईघाईने गेले.