बांधाची चार तोंडं

चरमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर ते स्वतःच मागे वळून बघत, आणखी कोण आलंय म्हणून. नदीच्या अंगाची सगळी जमीन सखल, ताटासारखी. तिथल्या सोळा घरांचे चर मामा सांभाळत. उन्हाळ्यात गाळ उपसायचा, पावसात फावडं खांद्यावर टाकून अडलेलं पाणी वाटेला लावायचं, थंडीत खचलेले बांध भरून त्यावर गवत लावायचं. वर्षाला बाराच महिने असतात याचंच त्यांना वाईट वाटे.

कामात टापटीप इतकी, की त्यांच्या चराच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसत. घरी मात्र पायातले चिखलाचे बूट थेट स्वयंपाकघरात. मामी म्हणत, "लोकांचे चर चकाचक आणि माझी फरशी म्हणजे चिखलाचं डबकं."

सोळांपैकी सगळ्यात जुनं घर मास्तरीणबाईंचं. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या बाई. मामा तिथे बावीस वर्षं जात होते. पण गेली तीन वर्षं बाईंच्या खालच्या तुकड्यात पाणी साचायचं ते हटायचंच नाही. लिंबाची सात झाडं कुजली. यंदा पाणी मागच्या दाराच्या पायरीला लागलं. मामांनी निदान केलं होतं, "बाई, खालून झरा फुटलाय. झऱ्यापुढे माणसाचं काय चालणार?" मामाच म्हणतात म्हटल्यावर कोणी शंका घेतली नाही.

शेवटी मुलीने गिऱ्हाईक आणलं. रविवारी ते जागा बघून बोली पक्की करणार आणि बाई मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार. बाई हो म्हणाल्या होत्या, पण म्हणताना कपाटातली पुस्तकं उगाचच एकदा बाहेर काढून पुन्हा तशीच लावत होत्या.

शुक्रवारी मामा शेवटचं म्हणून चर साफ करायला गेले. पाऊस उघडून चार दिवस झाले होते. डबा घरीच राहिला, म्हणून मामी तो घेऊन आल्या. बांधावर उभ्या राहून त्यांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"अहो, चर कोरडा आहे."

"मग? बावीस वर्षं ठेवलाय तसा. काडी सापडायची नाही."

"आणि इकडे तळं."

"झरा आहे तो."

"झरा असेल नाहीतर समुद्र असेल. मी म्हणते, ते पाणी चरात का जात नाही? मोरीचं भोक घासून लख्ख करायचं आणि उंबरा गुडघ्याएवढा बांधायचा, तर पाणी जाणार कुठून?"

मामांनी डबा उघडला होता, तो तसाच बंद केला.

पलीकडचा शेजारी भांडखोर. त्याच्या बाजूला गाळ टाकला की तो काठी घेऊन यायचा. म्हणून मामा दर वर्षी उपसलेला गाळ बाईंच्या बाजूला टाकत, चोपून बसवत, वर गवत लावत. असा वाढत वाढत तो बांध झाला होता. पण शेतातलं पाणी चरात उतरावं म्हणून त्यात चार ठिकाणी तोंडं ठेवलेली होती, हातभर रुंद. तीन वर्षांपूर्वी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. बाई बांधावरून चालत आणि प्रत्येक तोंडापाशी अडखळत. मामांनीच मग ती चारही तोंडं माती घालून बुजवली. खाली पाइप टाकायचे असं ठरवलं होतं. तोवर पाऊस लागला, मातीवर गवत आलं, आणि इतकं सुरेख आलं की तोंडं कुठे होती ते मामांनाही कळेना.

"आता?" मामी म्हणाल्या.

"आत्ता खणतो. उद्या संध्याकाळपर्यंत पाणी उतरेल. बाईंना सांगू, झरा आटला."

मामी वळल्या. डब्याची पिशवी उचलून चालू लागल्या. दहा पावलं गेल्यावर मात्र म्हणाल्या, "झरा पुढच्या वर्षी परत फुटला, तर मला बोलवू नका."

मामा बूट काढून बाईंच्या पुढच्या खोलीत गेले. बाई खोक्यात कपबशा भरत होत्या. मामांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. झरा नव्हता, लिंबं आपल्यामुळे गेली, हेही सांगितलं. सोळा घरांत ही गोष्ट पोचायला दोन दिवस पुरे होते, हे त्यांना माहीत होतं.

बाईंनी हातातली बशी पुसून खोक्यात ठेवली.

"तीन वर्षं मी तुम्हाला पैकीच्या पैकी मार्क देत होते, मामा."

"हो."

"पेपर न तपासता."

"हो, बाई."

"मग उभे काय राहिलात? जा, खणा. आणि माझी काठी द्या इकडे, मला बघायचंय."

पहिलं तोंड फुटलं तसं पाणी आधी लाजल्यासारखं आलं, मग कचरा, पानं, एक फुटकी चप्पल घेऊन धो धो चरात उतरलं. चौथं तोंड होईपर्यंत बाईंच्या पायरीखालची एक पायरी उघडी पडली. पाण्याखाली आणखी एक पायरी होती, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. बाई तिथेच बसल्या आणि त्यांनी मुलीला फोन लावला.

"हे बघ, रविवारी ये. त्यांना आणू नकोस... नाही, बरी आहे मी... अगं, झरा नाही, मामा आहेत... ते तू आल्यावर सांगते. येताना लिंबाची रोपं आण, सात."

फोन ठेवून त्यांनी मामांकडे बघितलं. मामा कमरेएवढ्या चिखलात उभे.

"आता मी चालू कशी? चार खड्डे पाडलेत तुम्ही."

"फळ्या टाकतो, बाई. उद्याच."

"कठडा पण. आणि मोजमाप करताना मामींना घेऊन या."

सोमवारी मामा बाकीच्या पंधरा घरी गेले. प्रत्येक ठिकाणी स्वतःच गोष्ट सांगितली आणि मग बांध तपासला. बाराव्या घरीही पाणी साचायचं आणि तिथेही मामांनी झराच सांगितला होता; तिथे एक बुजलेलं तोंड सापडलं. त्या घरचे काका हसता हसता म्हणाले, "म्हणजे आमच्या झऱ्याचंही काही खरं नाही म्हणा." मामांनी मान डोलावली आणि फावडं उचललं.