भिंतीतली वायर कुठून गेली

ब्रेंडा ऑलरेनशॉचा आवाज माझ्या घरात न आलेला दिवस विरळाच. आमची घरं एकमेकांना चिकटून, मधे एकच भिंत. शाळेत पोरांना जेवण वाढून वाढून तिचा आवाज असा तयार झालाय की कस्टर्ड संपल्याची बातमी शेवटच्या टेबलापर्यंत पोचावी. गेल्या महिन्यात मात्र पलीकडून काहीच ऐकू येईना, तेव्हा मीच जाऊन तिचं दार वाजवलं.

तिचा नवरा विल्फ आमच्या बेकप गावातल्या सपातांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. कारखाना बंद पडला, पण हात स्वस्थ बसेनात. पैसे देऊन कुणाकडून काम करून घेणं म्हणजे नाक कापून घेणं, असं इथल्या पुरुषांना वाटतं, आणि विल्फ त्यांचा शिरोमणी. ब्रेंडाचे गुडघे जिन्यावर कुरकुरायला लागले तशी त्याने मागच्या अंगणात निजायची खोली वाढवली. भिंती तेवढ्या नाइलाजाने गवंड्याकडून उभ्या करून घेतल्या. विजेचं काम मात्र विल्फने स्वतः केलं. अशा कामाची वर्दी आधी कौन्सिलला द्यायची आणि गिलावा करण्याआधी ते तपासून घ्यायचं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने वर्दी दिली नाही. वायर घातली, वर गिलावा ओढला, रंगही दिला.

"काही दिसतंय का? नाही ना? मग झालं तर!" असं तो मला मोठ्या ऐटीत म्हणाला होता.

मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावरच त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता ती खालची खोली त्यालाच हवी होती. इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं, शुक्रवारी घरी न्या. पण विजेवर चालणारा पलंग येणार, म्हणून वायरिंगवर कौन्सिलची सही हवी आणि पलंगाशेजारी भिंतीला आधाराचा दांडा हवा. नाही जमलं तर डोंगरापलीकडच्या शुश्रूषागृहात, तात्पुरतं. आमच्या गल्लीतून तिथे तात्पुरतं गेलेलं एकही माणूस परत आल्याचं मला आठवत नाही. ब्रेंडालाही आठवत नव्हतं.

कौन्सिलचे तपासनीस मिस्टर क्रॉसली आले तेव्हा तिने मला शेजारी उभं केलं. माणूस शांत, बूट दाराबाहेर काढून आत आला. प्लगपॉइंटचं झाकण उघडून पाहिलं, यंत्र लावून पाहिलं आणि भिंतीवर तळहात फिरवला.

"बाई, इथून वायर कुठे जाते?"

"सरळ वर. ही बघत होती ना! सांग गं!"

मी काय सांगणार? मी चहाचे कप आणून देत होते, भिंतीकडे कोण बघतंय! रागच आला मला तिचा. म्हटलं, "मी नाही पाहिलं, ब्रेंडा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच विल्फला गाडीत घालून डोंगरापलीकडे धाडतेय.

क्रॉसली म्हणाले, "प्लगपासून वायर सरळ वर, खाली किंवा आडवी जायला हवी. म्हणजे उद्या कुणाला खिळा ठोकायचा झाला तरी तिथे वायर असेल की नाही, ते प्लग बघून कळतं. मिस्टर ऑलरेनशॉ दाखवू शकले तर तेवढीच जागा उकरू. सरळ निघाली तर शुक्रवारच्या आत सही देतो. तिरकी निघाली तर सगळी काढून नव्याने घालावी लागेल, आणि त्याला कितीतरी आठवडे जातील. तोवर या भिंतीला हात लावू नका."

ते जाताच ब्रेंडाचा बांध फुटला. "हात लावू नका म्हणे! दांडा नाही बसला तर माझ्या नवऱ्याला घरी कोण पाठवणार? याचा नियम मी लोणच्यात घालू?" तिने ड्रिल काढून ओट्यावर ठेवलं. भिंतीवर दांड्याची खूण पेन्सिलीने आधीच केलेली होती.

दुपारी आम्ही इस्पितळात गेलो. विल्फ आजकाल विचाराल त्याला मान डोलवायचा, म्हणून ब्रेंडाने भिंतीचं चित्रच काढून नेलं होतं. प्लग, वरचा फ्यूजबोर्ड, मधे दांडा. सगळं खरंखरं समजावलं त्याला, सरळ असली तर घर आणि तिरकी असली तर डोंगरापलीकडे. मग त्याच्या डाव्या मुठीत पेन्सिल दिली.

विल्फने वेळ घेतला. प्लगपासून रेघ निघाली ती सरळ वर, मग काटकोनात वळून फ्यूजबोर्डला. दांड्याच्या जवळपाससुद्धा नाही.

"बघ! मी म्हटलं नव्हतं!" ब्रेंडा हसली, रडली, त्याच्या टकलाचा मुका घेतला. "माझा शहाणा बोका! आता घरी जाते आणि लगेच दांडा बसवते. ड्रिल काढूनच ठेवलंय."

विल्फची मान डोलली नाही. त्याने कागद ओढला. ब्रेंडा म्हणाली, "अरे, झालं ना, दे इकडे," तर तो देईना. घशातून नुसता आवाज काढत त्याने ती सरळ रेघ खोडली, गिरगटून पार काळी केली, आणि प्लगपासून फ्यूजबोर्डपर्यंत एकच तिरकी रेघ ओढली. वायर वाचवली होती गड्याने! रेघ दांड्याच्या बरोबर मधून, ड्रिल जिथे घुसणार होतं तिथूनच गेली होती. मग त्याने ब्रेंडाचं मनगट धरलं.

ब्रेंडा कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गाढवा. अरे गाढवा!" आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली.

क्रॉसलींना फोन तिनेच केला. भिंत आता फोडलीय, नवी वायर पडतेय.

शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गाडीत होते. डोंगरापलीकडे जायचा रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच जातो. विल्फ खिडकीजवळ होता. गल्ली आली, त्याने दाराच्या कडीला डावा हात घातला आणि उतरायची तयारी केली. गाडी पुढे गेली.