साहेबांच्या टेबलावरची मेथी

ताज्या खुडलेल्या मेथीचा कडवट, ओला वास. आजही तो आला की माझी मूठ आपोआप वळते.

आमचा भाजीचा मळा. मंगरूळपीरच्या बाजाराला निघण्याआधी माय आरोग्य केंद्रात जायची आणि सर्वांत कोवळी जुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची. मळ्यातल्या सगळ्याच बायांची ती रीत. दवाखाना सरकारी, तरी रिकाम्या हाताने जायचे नाही.

त्या सकाळी तिचे डोके ठणकत होते. मी म्हणाले, "साहेब, मायचं बीपी मोजा."

पट्टा समोरच गुंडाळून ठेवलेला. त्यांनी मायच्या हातांकडे पाहिले. नखांत माती. बोटांवर हिरवा रस.

"पट्टा खराब होईल. आणि मेथी विकणाऱ्यांना कसलं आलंय बीपी? ते डोकं चालवणाऱ्यांना होतं."

बाकावरची माणसे हसली. मायही हसली. ते हसू माझ्या कानांत अजून खरखरते.

तिच्या जुन्या गुडघेदुखीवरच्या गोळ्या तेवढ्या मिळाल्या. दर खेपेला त्याच. "लघवीले फेस येऊन राह्यला, साहेब," मायने एकदा सांगितले. त्यांनी जुडी हुंगली.

"पुढच्या वेळी कोथिंबीर आणा, तुमचा तो सांभार. हिरवागार."

मायच्या हातची भाजी चालत होती. मायचा हात चालत नव्हता.

वाशीमच्या मोठ्या दवाखान्यात पहिल्यांदा कुणी तिची बाही वर सारली, तोवर चेहरा सुजला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधून दोनदा मोजले. मग म्हणाल्या, रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असणार. कुणी मोजला नाही, लघवी तपासली नाही, वर किडनीला घातक अशा या दुखण्याच्या गोळ्या. किडन्या गेल्या. आता डायलिसिस.

आणि तरीही, मी केंद्राकडे निघाले तेव्हा सुजल्या पायांनी माय उठली. जुडी बांधली.

"साहेबाले दे. रिकामी जाऊ नोको."

ती जुडी मी पिशवीतून काढलीच नाही. ओळीतल्या एका मावशीला पुढे घेतले, तिची बाही दंडापर्यंत दुमडली. "मोजा. तुमच्या हातानं."

"तू कोण मला शिकवणारी?"

"मेथीवालीची पोरगी. मोजा."

या वेळी बाकावर कुणी हसले नाही. त्यांनी मोजले. मावशीचा मातीने भरलेला हात त्यांना धरावा लागला. मला ते गोड वाटले. परतताना जुडी गाईपुढे टाकली.

आता ते बदली मागत आहेत. मळ्यातल्या बायांना सोबत घेऊन, वाशीमला अर्जामागून अर्ज देऊन मी ती अडवून धरली आहे. दयेपोटी नव्हे. त्यांनी इथेच राहावे. मातीने भरलेला प्रत्येक हात स्वतः धरावा, प्रत्येकीची लघवी तपासावी, आणि मान वर केली की समोरच्या बाकावर मी दिसावे. निवृत्त होईपर्यंत.

परवा त्यांचा निरोप आला. ताई, झालं गेलं विसरा, जाऊ द्या मला.

यंत्राच्या घरघरीत मी मायच्या कानाशी वाकले. तिच्या श्वासाला औषधाचा वास होता, मेथीचा नव्हता.

"माय, सोडून देऊ काय त्याले?"

तिने डोळे उघडले.

"नोको."